डिजिटल कॅमेऱ्याच्या लेन्सला फिल्टर खरंच लागतो का? लागत असेल तर कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की नव्या मिररलेससोबत १८-५५ची लेन्स आली, दुकानदाराने त्यावर यूव्ही फिल्टर गळ्यात मारला, आणि आता मित्र म्हणतोय की डिजिटलमध्ये फिल्टर म्हणजे पैसे पाण्यात, सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं. तुम्हाला पावसाळ्यात घाटातले धबधबे आणि पुढे गणपतीची मिरवणूक टिपायची आहे. मित्राचं बरंचसं बरोबर आहे. पण निदान एका फिल्टरबाबत तो चुकतोय, आणि नेमका तोच तुमच्या सगळ्यात कामाचा आहे: सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे सीपीएल, पुढची कडी फिरवून चकाकी कमी करणारा फिल्टर.

सॉफ्टवेअरची करामत सेन्सरपर्यंत पोचलेल्या प्रकाशावरच चालते. ओल्या पानावर आकाशाची चकाकी पडली आणि खालचा हिरवा रंग तिच्यात झाकला गेला, तर तो रंग फाइलमध्ये आलेलाच नसतो. मग घरी बसून काढणार कुठून?

गेल्या पावसाळ्यात माळशेज घाटात एका ओढ्याकाठी ट्रायपॉड लावून उभा होतो. आपला सह्याद्रीचा कातळ काळा, पण ओला झाला की ढगाळ आकाश त्यावर पडतं आणि तो पांढुरका दिसतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सीपीएलची पुढची कडी हळूहळू फिरवत गेलो. आधी कारवीच्या पानांवरची चकाकी उतरली. मग कातळ काळा झाला आणि त्यावरचं शेवाळ उठून दिसायला लागलं. शेवटी पाण्यावरचा पांढरा पापुद्रा सरकला आणि डोहाच्या तळाचे गोटे दिसले. कडीचा जेमतेम पाव फेरा झाला असेल. एवढ्यासाठी सीपीएल माझ्या बॅगेत कायम असतो.

त्याचा दुसरा फायदा पावसाळ्यातच कळतो. सीपीएल दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). दाट ढगात, झाडीच्या सावलीत, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ला (लेन्सचं छिद्र बारीक) शटर १/१५ सेकंदाच्या आसपास मिळत असेल, तर सीपीएल लावल्यावर ते १/४ होतं. धबधब्याचं पाणी रेशमासारखं यायला तेवढं बऱ्याचदा पुरतं. म्हणजे सुरुवातीला वेगळा एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता फक्त प्रकाश कमी करणारी गडद काच, नसला तरी चालतं.

काही गोष्टी मात्र सांभाळा. निळं आकाश सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त गडद होतं. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथे जिथे जातो तो पट्टा गडद होणार. १८ मिमीला, म्हणजे लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला, चौकटीत खूप आकाश येतं, त्यामुळे मधोमध गडद डाग पडल्यासारखं दिसतं. अशा वेळी कडी थोडी मागे घ्या. इंद्रधनुष्य दिसलं तर जपून फिरवा, चुकीच्या कोनात ते चक्क गायब होतं. आणि तांब्यापितळेची, स्टीलची चकाकी याने जात नाही. पाणी, काच, पानं, ओला दगड यांचीच जाते.

एनडी हा दुसरा फिल्टर, ज्याचं काम सॉफ्टवेअरला नीट जमत नाही. पुष्कळ फोटो काढून एकावर एक चढवता येतात, पण त्यात वेळ फार जातो. कोकणात भर दुपारी एफ/११ला शटर १/२०० येत असेल, तर एनडी१००० (प्रकाश हजारपट कमी करणारा) लावून ते ५ सेकंदांवर जातं आणि लाटांचं धुकं होतं. हा छंद लागला तर पुढे घ्या. फक्त तो लावून सूर्याकडे रोखू नका, तो सूर्यासाठीचा फिल्टर नव्हे.

आता तुमच्याकडचा यूव्ही. रोलच्या जमान्यात फिल्मवर अतिनील (यूव्ही) किरणही उमटायचे आणि दूरचे डोंगर निळसर, धुरकट यायचे, म्हणून तो होता. डिजिटल सेन्सरच्या पुढे असे किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. त्यामुळे आज यूव्ही म्हणजे फक्त संरक्षक काच. पण मिरवणुकीत हीच काच लाखमोलाची आहे. एका विसर्जनाला पावसाची भुरभुर आणि गुलाल एकदम अंगावर आले, लेन्सवर लाल चिखल झाला. घाईत रुमालाने पुसला आणि चरे उठले, पण ते फिल्टरवर. फिल्टर काढून टाकला, लेन्स आजही स्वच्छ आहे. जेजुरीचा भंडारा, समुद्राचे खारे तुषार, तिथेही तो लावाच. कोरडी पूड पुसायची नाही, आधी ब्लोअरने उडवायची.

रात्री मात्र यूव्ही काढा. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परतवतो. त्यात सेन्सर फिल्मपेक्षा चकचकीत. त्यावरून उलटलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो. दीपोत्सवात खाली डावीकडे दिव्यांची रांग असली की वर उजवीकडे अंधारात तशीच उलटी हिरवट रांग उमटते. असं कधी दिसलं तर लेन्सला दोष देऊ नका.

रंगीत फिल्टरांच्या नादी लागू नका. उबदार-थंड रंगछटा कॅमेऱ्यातली व्हाइट बॅलन्सची सेटिंग सांभाळते, कृष्णधवलसाठीचे पिवळे-लाल फिल्टर नंतर संगणकावर जमतात.

खरेदीआधी लेन्सच्या तोंडावर, गोलावर तिरकी रेघ मारलेल्या चिन्हापुढचा आकडा बघा, ५८ वगैरे. मोठी लेन्स घ्यायचा विचार पक्का असेल तर सीपीएल थेट ७७ मिमीचा घ्या आणि स्टेप-अप रिंगने (मोठा फिल्टर छोट्या तोंडावर बसवणारी जोडकडी) छोट्या लेन्सला लावा. तुमचा हूड (लेन्सपुढची सावली धरणारी टोपी) त्यावर बसणार नाही, एवढी गैरसोय आहे. मल्टिकोटेड (प्रकाश कमी परतवणारे थर दिलेला) घ्या, पातळ कडीचा असेल तर उत्तम.

आणि दुकानातच पारखून घ्या. एलसीडी मॉनिटर पांढरा करून फिल्टरची आट्यांची, म्हणजे लेन्सवर फिरवून बसवायची, बाजू डोळ्याकडे धरा आणि फिरवा: एका जागी पडदा काळा व्हायला हवा. मग उलटा करून आट्या मॉनिटरकडे धरा. आता फिरवला तरी काळा होता कामा नये, फार तर छटा बदलेल. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर तो सर्क्युलर नसून साधा लिनिअर पोलरायझर आहे. मिररलेसवर चालून जाईल, पण डीएसएलआरमध्ये अर्धपारदर्शक आरशामुळे त्याने मीटरिंग आणि ऑटोफोकस गडबडतं. कुठल्याच बाजूने काळा झाला नाही तर तो पोलरायझरच नाही, तसाच परत करा.