वाचकांचे प्रश्न : जुना लॅपटॉप, साडेपाच तासांचा घोळ आणि कमी भरलेले जीबी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या लॅपटॉपवर विंडोज 10 आहे. त्याचे अपडेट बंद झाले आणि विंडोज 11 त्यावर चढत नाही. भाचा म्हणतो लिनक्स टाक, मुलगी म्हणते नवीन घे. मला मराठीत लिहायचं असतं, अधूनमधून छापायचं असतं, बाकी सगळं ब्राउझरमध्येच. काय करू?

उत्तर : नवीन घ्यायची घाई करू नका. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला त्यांच्या यादीतला प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. तुमचं यंत्र बहुधा तिथेच अडतंय. कीबोर्ड, पडदा, मेमरी सगळं धडधाकट असताना निव्वळ यादीत बसत नाही म्हणून लॅपटॉप भंगारात जावा, याचा मला खरोखर राग येतो. तो घडवायला लागलेली खनिजं, पाणी, वीज केव्हाच खर्च झाली आहे. तो आणखी काही वर्षं चालला तर तेवढं एक नवं यंत्र बनवावं लागत नाही.

भाच्याला सांगा, लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) पेनड्राइव्हवर घेऊन ये. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. आतल्या डिस्कवर काहीही न लिहिता आख्खी सिस्टीम तुमच्यासमोर चालते. याला लाइव्ह सेशन म्हणतात. त्यातच वाय-फाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर एक पान छापतो का, आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, ते बघा. या शेवटच्या गोष्टीची परीक्षा लोक विसरतात आणि मग रोज त्रास सोसतात. चारही जमलं तर पुढे जा. पण इन्स्टॉल करण्याआधी सगळ्या फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. इन्स्टॉल करताना ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला, की जुनं काही राहत नाही.

मराठीची काळजी नको. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार टाइप करायची मांडणीही आहे. लिब्रेऑफिस या मोफत लेखन-प्रोग्राममध्ये देवनागरी व्यवस्थित उमटते. खरी अडचण तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची येईल. त्या कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर फाइलमध्ये ‘क’ साठवलेलाच नाही. तिथे इंग्रजी ‘डी’ आहे आणि फॉन्ट त्या जागी ‘क’ चं चित्र काढतो. फॉन्ट नसला की पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ ला स्वतःचा क्रमांक आहे, 0915, आणि तो कुठल्याही सिस्टीमवर ‘क’ च राहतो. म्हणून विंडोज चालू आहे तोवरच त्या फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर नेमके तिथेच चुकतात.

लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, बसवा. मिनिटाला 5,400 फेरे घेणाऱ्या डिस्कला हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं, शिवाय डोकं सरकवण्याचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारं काही नाही. तोच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. सुरू होताना अशी वाचनं हजारोंनी होतात. जुन्या यंत्राचा संथपणा बऱ्याचदा इथला असतो.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलंय. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे! बॅटरी गेली असेल का?

उत्तर : ‘बरोबर साडेपाच’ हे तू टिपलंस, त्यातच उत्तर आहे. आतल्या घड्याळाची बॅटरी गेली असती तर फरक असा नेमका आला नसता. मदरबोर्डवरच्या त्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी, लिहून ठेवतं आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळातला आकडा स्थानिक वेळ समजून जसाच्या तसा दाखवतं. दुपारचे अडीच वाजलेत, घड्याळात नऊ लिहिलेत, विंडोज नऊ दाखवतं. दोघांपैकी एकाला समजवावं लागेल. सोपं म्हणजे लिनक्सला: टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेला सेट-लोकल-आरटीसी 1 हा पर्याय दे (timedatectl set-local-rtc 1). माझ्या मते यूटीसी ठेवणंच जास्त शहाणपणाचं, कारण टाइम झोन बदलला तरी आतला आकडा हलवावा लागत नाही. पण त्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, हात घालावा लागतो. आधी तिचा बॅकअप घेणार असशील तरच ते कर.

आता त्या घड्याळाबद्दल, कारण तुझ्या भौतिकशास्त्राशी त्याचा थेट संबंध आहे. त्यात चिमट्याच्या आकाराचा क्वार्ट्‌झचा इवलासा स्फटिक असतो. दाब दिला की क्वार्ट्‌झवर विद्युतभार येतो, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलटंही घडतं: व्होल्टेज दिलं की स्फटिक किंचित वाकतो. हा स्फटिक असा कापलेला असतो, की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरावा. हा आकडा 2 चा पंधरावा घात आहे. निम्मं करणारी सर्किटं पंधरा वेळा एकापुढे एक जोडली, की शेवटी सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. किती सुंदर युक्ती आहे! दहा लाखांत वीस इतकी चूक धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. म्हणून सिस्टीम इंटरनेटवरून वेळ जुळवत राहते.

या घड्याळाची बॅटरी संपल्याची खूण वेगळी असते. यंत्र बंद करून चालू केलं की तारीख काही वर्षं मागे गेलेली असते आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित ठरवतो. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि तुझ्या यंत्राच्या हिशेबाने ती अजून सुरूच झालेली नसते. डेस्कटॉपमध्ये तेव्हा बहुधा 3 व्होल्टचा सीआर2032 सेल बदलला की काम होतं.

प्रश्न : 1 टीबीची नवी डिस्क विंडोजमध्ये 931 जीबीच दिसते. फसवणूक झाली का?

उत्तर : नाही. डिस्क बनवणारे 1 टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज तोच आकडा 1,024 ने तीनदा भागतं, येतात 931, आणि पुढे जीबीच लिहितं. लिनक्सचे अनेक फाइल मॅनेजर हजाराने भागतात, म्हणून तिथे हीच डिस्क पुरी दिसेल.

प्रश्न : लॅपटॉपची बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण उतरवावी, असं ऐकलंय. खरं का?

उत्तर : तो नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. आताच्या लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण उतरवण्याने फायदा नाही, उलट झीजच होते. तिला सर्वांत जास्त त्रास होतो तो शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत तापत पडण्याचा. लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असेल, तर सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा मिळते का बघा, आणि अंथरुणावर ठेवून वापरू नका. खालून हवा जाण्याची जागा बुजते.