मस्टरवरची सही आणि तुझी पहिली नोकरी

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातली. बी.कॉम. झाल्यावर सरकारी रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात लागले. मस्टर म्हणजे कामगारांचं हजेरीपत्रक लिहायचं, पीएफचं चलन भरायचं, बिलासोबत कामगारांची कागदपत्रं जोडायची, हे माझं काम. आठ महिने झाले. मागच्या आठवड्यात मॅनेजरनी जुलैचं मस्टर नव्यानं लिहायला सांगितलं, सगळ्यांचे २६ दिवस भरून. बाबा म्हणतात, ही कारकुनी सोड आणि बँकेच्या परीक्षेला बस. या कामात खरंच पुढे काही आहे का? (नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर: आधी मस्टरचं बोलू, कारण करिअरचा प्रश्न त्याच्यावरच अडलाय.

त्या मस्टरवर तू सही केलीस की नाही, हे पत्रात लिहिलेलं नाही. केली नसशील तर करू नकोस. मॅनेजरना व्हॉट्सअॅपवर दोन साध्या ओळी पाठव: साइटवरच्या रोजच्या हजेरीप्रमाणे मस्टर तयार आहे, तेच बिलाला लावते. भांडण नको, पण लेखी हवं. मग थेट मालकांना भेट. पुष्कळदा खालच्या खाली मॅनेजर आणि मुकादमाचं ठरलेलं असतं, आणि बिल अडकलं की निस्तरावं मात्र मालकाला लागतं. मालकही तेच म्हणाले, तर दुसरी नोकरी बघायला लाग.

असं खोटं मस्टर कसं दिसतं, ते मी जवळून पाहिलंय. कालव्याच्या कामावर असलेला माझा एक विद्यार्थी एकदा प्रत घेऊन आला होता. शेहेचाळीस नावं, एकाच पेनानं ओढलेल्या खुणा, महिनाभर कुणाचा एक खाडा नाही. तीन दिवस पावसानं काम बंद होतं, त्या दिवशीही सगळे हजर. बेंदरालासुद्धा हजर! अंगठे बघितले तर निम्मे एकाच माणसाचे. पगार बँकेत जमा होत होते, तेवढं खरं. पण टोळीची एटीएम कार्डं रबर लावून मुकादमाच्या खिशात, आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पिन. उचल, म्हणजे आधी दिलेले पैसे, वळती करून उरेल ते बिगाऱ्याच्या हातात.

ही गोष्ट नवी नाही. १९८२च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत बांधकामं चालली होती, तेव्हा बांधकाम मजुराचं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होतं. ठेकेदार मजुरी जमादाराकडे, म्हणजे टोळीच्या मुकादमाकडे द्यायचा, जमादार माणशी एक रुपया कापायचा, हातात यायचे सव्वाआठ. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी आहे, आणि काम ठेकेदाराकडे दिलं म्हणून सरकारी यंत्रणेला हात झटकता येणार नाहीत, असा निकाल आला. एका रुपयावरून आलेला निकाल आहे हा. तू हाताळतेस ते मस्टर म्हणजे त्या रुपयाचा हिशेब, म्हणून त्याला कारकुनी म्हणायला माझं मन तयार नाही.

आता पुढचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्यात. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं ती द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नव्या संहितेतही आहे. सरकारी कामात हा मूळ मालक म्हणजे बांधकाम खातं, रेल्वे, नगरपालिका. त्यामुळे बिल पास करताना ही कागदपत्रं मागितली जातात आणि ती समजून वाचणारा माणूस ठेकेदाराला लागतो. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, महिन्याची मजुरी पुढच्या सात दिवसांत, काढलेल्या कामगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत, हे तोंडपाठ हवं. किमान वेतनाचा दर कुठला लावायचा हेही. रेल्वेच्या कामाला केंद्राचे दर, राज्याच्या बांधकाम खात्याच्या रस्त्याला राज्याचे. किमान वेतनातला महागाईप्रमाणे बदलणारा विशेष भत्ता आपल्या राज्यात जानेवारी आणि जुलैत बदलतो, केंद्राचा एप्रिल आणि ऑक्टोबरात. जुनाच तक्ता वापरत राहिल्यानं प्रामाणिक ठेकेदारसुद्धा अडचणीत येतात.

शिक्षण म्हणशील, तर कामगार कायदे आणि कामगार कल्याण हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम अनेक विधी महाविद्यालयांत आहे, नोकरी सांभाळून होतो. पूर्णवेळ शिकायची ऐपत आणि तयारी असेल तर परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेची चौकशी कर. पुढे मोठ्या ठेकेदार कंपन्यांत लेबर ऑफिसर, पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांची कामं बघणारे सल्लागार, असे रस्ते आहेत. यूपीएससी घेते ती भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या अंमलबजावणी अधिकाऱ्याची परीक्षाही आहे. बाबांना सरकारी नोकरीच हवी असेल, तर ही दाखव.

त्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. सुरुवातीचा पगार बँकेच्या क्लार्कपेक्षा कमी असेल आणि साइटवर मुलगी म्हणून त्रासही होईल. निवाऱ्याची, येण्याजाण्याची सोय नसलेली साइट घेऊ नकोस. पण ऑफिसात बसून हे काम येत नाही. आठवड्यातून एक दिवस सकाळी आठला साइटवर उभी राहा आणि हजेरी स्वतः घे. पाच जणांना विचार, मागच्या महिन्यात हातात किती आले?

आणि आणखी एक काम उद्यापासून सुरू कर. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मुलांची शिष्यवृत्ती, आजारपण, बाळंतपण यासाठी तिथून मदत मिळते. हा पैसा तुमच्या बिलातून कापलेल्या एक टक्का उपकराचाच आहे. नोंदणीला ९० दिवसांचा दाखला लागतो आणि तो खऱ्या मस्टरवरूनच निघतो. ज्याचं नाव खऱ्या मस्टरवर नाही, त्याच्या पोरीची वह्या-पुस्तकं तिथेच अडतात. तुमच्या साइटवर कितीजणांचे ९० दिवस भरलेत, त्यांची यादी कर. मालकांना भेटायला जाशील तेव्हा तीही सोबत ने.