सी भाषेत रेगएक्सेक (मजकुराशी नमुना जुळवणारं फंक्शन) जुळतं, पण नमुन्यातल्या कंसांत जुळलेला मजकूर कसा काढू?

‘रावेर:केळी’ या ओळीवर रेगएक्सेक शून्य देतंय म्हणजे जुळलंय. आता गाव आणि माल वेगळे हवेत ना? मजकूर रेगएक्सेक देतच नाही, फक्त जागा सांगतं. त्याला रेगमॅच_टी (जुळणीची सुरुवात आणि शेवट ठेवणारा प्रकार) चा तीन घरांचा अ‍ॅरे पाठवा. शून्याव्या घरात पूर्ण जुळणी, पुढे गाव, मग माल. आरएम_ईओ (शेवट) मधून आरएम_एसओ (सुरुवात) वजा केलं की लांबी. सुरुवातीपासून तेवढे बाइट मेमसीपीवाय (बाइट कॉपी करणारं फंक्शन) ने उचला, शेवटी नल (मजकूर संपल्याची खूण) स्वतः टाका, नाहीतर मागचा कचराही छापला जाईल. यूटीएफ-८ मध्ये गाव ० ते १५, माल १६ ते २८ दिसेल. घाबरू नका, मोजणी बाइटची आहे, अक्षरांची नव्हे. नमुना तयार करणाऱ्या रेगकॉम्पला रेग_एक्स्टेंडेड हा पर्याय दिलाय ना? त्याशिवाय साध्या कंसांचा गट होत नाही. ऐच्छिक गट जुळणीत आलाच नाही तर जागेऐवजी -१ येतो, तो आधी तपासा.