फ्लॉरेन्ससाठी दोनच दिवस आहेत, उफ्फीझीशिवाय कोणती संग्रहालयं पाहावीत?

उफ्फीझी पाहाच, पण अख्खं पाहायचा हट्ट धरू नका. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. सोमवारी ते बंद असतं, आणि मायकेलँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ते आकादेमियाही. आत जोत्तो आणि बोत्तिचेल्ली या चित्रकारांना निवांत वेळ द्या. शेवटच्या दालनांपर्यंत पाय बोलायला लागतात, मग चित्रं नुसती डोळ्यांखालून जातात.

वाचलेला वेळ बार्जेलोला द्या, हे अगदी आग्रहानं सांगतो. एकेकाळी इथे तुरुंग होता, आता शिल्पांचं संग्रहालय आहे. डोनातेल्लोचा ब्राँझचा डेव्हिड बघून लोक पुढे सरकतात. त्याच दालनात ब्राँझच्या दोन चौकटी, म्हणजे उठावशिल्पं, शेजारी शेजारी आहेत, त्यांच्यासमोर थांबा. १४०१ साली बाप्तिस्तेरीच्या, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या, दरवाजासाठी शिल्पकारांची स्पर्धा लागली होती. विषय सगळ्यांना एकच, बायबलमधला अब्राहम मुलाचा बळी देतोय तो क्षण. ब्रुनेलेस्कीच्या चौकटीत सुरी गळ्याशी भिडलीय आणि देवदूतानं अब्राहमचा हात घट्ट पकडलाय. गिबेर्तीचा देवदूत अजून वरच आहे, सुरी उगारलेली, आणि मुलाचं उघडं शरीर इतकं देखणं की नजर हटत नाही. जिंकला गिबेर्ती. त्याची चौकट जवळजवळ एकसंध ओतलेली, ब्राँझही कमी लागलेलं. तरी अंगावर काटा येतो तो ब्रुनेलेस्कीची पाहूनच! पुढे फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा प्रसिद्ध घुमट ब्रुनेलेस्कीनंच उभारला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सान मार्को गाठा, ते सहसा दुपारी लवकर बंद होतं. हा डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूंचा मठ. जिना चढताना समोरच फ्रा आन्जेलिकोचं भित्तिचित्र येतं, देवदूत गेब्रिएल मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतोय, देवदूताच्या पंखांवर रंगीत पट्टे. पुढे भिक्षूंच्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एकेक चित्र. काढणारा फ्रा आन्जेलिको स्वतः भिक्षू, आणि चित्रं प्रार्थनेसाठी, म्हणून त्यांत दागदागिने, गर्दी, दिखावा काही नाही. जहाल प्रवचनांसाठी गाजलेल्या साव्होनारोला या भिक्षूची खोलीही इथेच.

आणि मराठी माणसानं कास्चिने उद्यानात जायलाच हवं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. आर्नो नदीकाठी त्यांना अग्नी दिला, तिथे आज छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे. उद्यान लांबलचक, स्मारक अगदी पश्चिम टोकाला. तेव्हा संध्याकाळचे दोन तास तरी हाताशी ठेवा.