बॅटमॅनचे कान तडकतात

प्रश्न : शाडूच्या मातीचा बॅटमॅनचा मुखवटा करतोय. रात्रीतून कान तडकतात. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी पंखा बंद करा! माती वाळताना आकसते. पातळ कान पटकन सुकतात, कपाळ ओलंच राहतं, मग जोडावर भेग पडणारच. आमच्या नौपाड्यातल्या कारखान्यात गणपतीचे कान जोडतो तसंच करा : दोन्हीकडे सुरीने चरे, मध्ये पातळ कालवलेली माती, वर ओलं फडकं आणि प्लॅस्टिक. सावकाश वाळू द्या.

मुखवटा घालायचाय ना? मग मातीचा हा फक्त साचा समजा. व्हॅसलीन चोळून त्यावर कागदाचे कपटे खळीने थरावर थर चिकटवा. आणि डोळे डोक्याच्या निम्म्यावर, म्हणजे टाळू आणि हनुवटीच्या मधोमध असतात. नवशिके हमखास वर नेतात.