विधिमंडळात सत्ताधारी आणि विरोधक एकत्र येऊन कधी काही उपयोगाचं करतात का, की नुसता सभात्याग आणि घोषणाबाजी?

करतात. पुरावा बहुधा तुमच्या पगाराच्या स्लिपवरच असेल. महाराष्ट्रात नोकरी असेल आणि पगार अगदीच तुटपुंजा नसेल, तर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये 'व्यवसाय कर' कापला जातो. पहिल्या नोकरीत मी आमच्या अकाउंटंटला विचारलं, हे कसले पैसे? तो म्हणाला, "असतं सरकारचं काहीतरी." ते काहीतरी म्हणजे रोजगार हमी योजना. १९७५ चा हा कर त्या योजनेसाठीच बसवला गेला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं.

कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती, माणूस काँग्रेसचा. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला बसले होते आणि शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट, लाल निशाण पक्ष ही मंडळी कामासाठी मोर्चे काढत होती. म्हणजे मागणी विरोधकांची, योजना सत्ताधाऱ्यांची. आता सौदा बघा. मजुराला मागेल तेव्हा काम. जमीनवाल्याला पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती. शहरी पगारदाराला मात्र कर (आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी). गावात प्रत्येकाला काहीतरी मिळालं, म्हणून कुणी मोडता घातला नाही.

१९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमतानं मंजूर केला. खरी परीक्षा पुढेच होती. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचं सरकार पाडलं आणि पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) या आघाडीचं सरकार आलं. आधीच्यांचा कायदा म्हणून तो धूळ खात पडू शकला असता. पण २६ जानेवारी १९७९ ला तो लागू झाला, तोही याच नव्या सरकारच्या काळात. पुढे बोगस मस्टर (मजुरांची खोटी हजेरीपत्रकं) निघाले, मजुरी थकली, पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास द्यायचा बेकारी भत्ता बहुतेकांच्या हाती कधी पडलाच नाही. तरीही २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा करताना नमुना म्हणून डोळ्यांसमोर होता तो महाराष्ट्राचाच.

एकमत म्हणजे परिणाम, असं मात्र समजू नका. महिलांवरील अत्याचारांविरुद्धचं 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं, संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, तिथे सगळ्या पक्षांचे आमदार बसले आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते एकमतानं मंजूर झालं. भाषणं उत्तम झाली. पण फौजदारी कायद्यात असा बदल करायचा तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते, आणि ती मिळाली नाही. त्या एकमतासाठी कुणालाच खिशात हात घालावा लागला नव्हता.

म्हणून मी हल्ली विधेयक शेवटून वाचतो. सरकारी खर्च येणार असेल तर मागच्या बाजूला 'वित्तीय ज्ञापन' नावाचा छोटा मजकूर असतो, बातम्यांत तो सहसा येत नाही. तिजोरीतून काय खर्च होणार ते तिथे लिहिलेलं असतं. पुढच्या अधिवेशनात 'एकमतानं मंजूर' अशी बातमी आली की विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ते विधेयक उघडा आणि तेवढं पान बघा.