सिझेरियननंतर हालचालीची भीती: एक समुपदेशन अनुभव

"सिझेरियनला चार महिने होऊन गेले. डॉक्टर म्हणतात जखम छान भरली आहे, तरी बाळाला उचलायला वाकले की टाके उसवतील असे वाटते. हे सगळे माझ्या मनाचेच खेळ आहेत का?"

बाळंतपणानंतर समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेक स्त्रिया हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, आणि तो विचारताना बहुतेकींच्या आवाजात थोडा संकोच असतो. येथे ज्यांची हकीकत सांगत आहे, त्यांनी तो जवळजवळ याच शब्दांत विचारला होता. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

त्यांचे हे पहिले बाळंतपण. बराच काळ कळा सोसल्यानंतर ऐन वेळी शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागला होता. आपल्याला नैसर्गिक प्रसूती जमली नाही, ही खंत त्यांच्या मनात होती. परंतु ती मोकळेपणाने बोलून झाल्यावर लवकरच ओसरली. खरी अडचण हालचालीची होती आणि ती पहिल्या भेटीत त्या खुर्चीतून उठल्या तेव्हाच दिसली. उठण्याआधी त्यांनी श्वास रोखला, उजवा तळहात ओटीपोटावर घट्ट दाबला, खांदे पुढे झुकवले आणि सगळा भार डाव्या हातावर घेत त्या कशाबशा उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्यावरही पाठ पूर्ण सरळ झाली नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत असे जपून उठणे योग्यच असते. चार महिन्यांनंतर मात्र त्या जपण्याचाच त्रास होऊ लागतो.

दुखणे मनाचे की शरीराचे, या प्रश्नाला समुपदेशकाने घाईने उत्तर देऊ नये असे माझे ठाम मत आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला शारीरिक कारणे असू शकतात: व्रणात अडकलेली एखादी नस, हर्निया, किंवा क्वचित व्रणाजवळ होणारी आणि पाळीच्या दिवसांत दुखणारी गाठ. म्हणून मी त्यांना प्रथम त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे परत पाठवले. तपासणीत यांपैकी काहीही आढळले नाही आणि डॉक्टरांनी फिजिओथेरपीचा सल्ला दिला. घरी या निष्कर्षाचा अर्थ "म्हणजे तिला काहीच झालेले नाही" असा लावला गेला, आणि तो त्यांना दुखण्याहून अधिक लागला.

वास्तविक त्यांच्या भीतीमागे एक रास्त सूचना होती. सिझेरियनमध्ये पोटाचे उभे स्नायू कापले जातात असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते मधोमध बाजूला सारले जातात. चिरली जाते ती त्वचा, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरचे चिवट आवरण, पोटाचे आतले अस्तर आणि गर्भाशय. वरची त्वचा साधारण दोन आठवड्यांत जुळून येते, परंतु त्या चिवट आवरणाला बराच वेळ लागतो. सहा आठवड्यांनी ते मूळ ताकदीच्या जेमतेम निम्म्यापर्यंत पोहोचलेले असते आणि पुढचे कित्येक महिने हळूहळू बळकट होत राहते. म्हणूनच पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असे सांगितले जाते. दवाखान्यातून घरी जाताना काय करू नये हे सगळेच सांगतात, ते कधीपर्यंत करू नये हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांच्याही बाबतीत सूचना लक्षात राहिली होती, तिची मुदत कोणी सांगितलीच नव्हती.

फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्याच सत्रात जे शोधून काढले, ते माझ्या खोलीत कितीही बोलून हाती लागले नसते. त्यांनी बाईंना पाठीवर झोपवून, गुडघे वाकवून, डोके किंचित उचलायला सांगितले. बेंबीच्या वर मधोमध एक उंचवटा उभा राहिला. तो पाहताच बाई म्हणाल्या, "हेच ते! आतले टाके सुटलेत ना?" अंथरुणातून सरळ उठताना त्यांना हा उंचवटा रोज दिसत होता आणि पोट आतून फाटले आहे असे त्या मनाशी धरून बसल्या होत्या, ऐकायला लागेल या धास्तीने त्यांनी ते कोणाला विचारलेही नव्हते. तो उंचवटा शस्त्रक्रियेचा परिणाम नव्हता. गर्भारपणात पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली पट्टी ताणली जाते आणि त्यांच्यात फट पडते. नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रियांमध्येही ती आढळते. अनेकींमध्ये ती पुढच्या महिन्यांत आपोआप कमी होते, काहींमध्ये व्यायामाची मदत लागते. बाईंच्या बाबतीत ती दोन बोटांहून थोडी अधिक होती. पोट लवकर कमी व्हावे म्हणून मोबाईलवर पाहून मध्यंतरी त्यांनी सिट-अप्स करून पाहिले होते; ते तूर्त बंद करण्यास सांगण्यात आले.

त्यानंतरचा व्यायाम दिसायला अगदी साधा होता. श्वास सोडता सोडता ओटीपोट अलगद आत घ्यायचे आणि त्याच वेळी लघवी रोखताना आवळतो ते तळाचे स्नायू वर उचलायचे. श्वास घेताना सगळे सैल सोडायचे. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या आधाराने उठायचे. बाळाला उचलताना गुडघे वाकवायचे, बाळ छातीशी घ्यायचे आणि उचलण्याच्या क्षणी श्वास सोडायचा. श्वास रोखून जोर लावला की पोटातला दाब वाढतो आणि तो पोटाच्या पुढच्या भागावर व तळाच्या स्नायूंवर येतो, हे समजल्यावर खोकताना आपले दोन थेंब लघवी का होते याचाही त्यांना उलगडा झाला. ही गोष्ट त्यांनी मला नव्हे, फिजिओथेरपिस्टबाईंना सांगितली होती. सिझेरियन झाले म्हणजे हा त्रास होणारच नाही, असे त्यांनी ऐकले होते. परंतु तळाच्या स्नायूंवर नऊ महिने भार पडलेलाच असतो. कंबरदुखीचे खापर त्या मणक्यातल्या भुलीच्या इंजेक्शनवर फोडत असत. दीर्घकाळच्या कंबरदुखीशी त्या इंजेक्शनचा संबंध अभ्यासांतून दिसून आलेला नाही. पोटाचे सैलावलेले स्नायू आणि दूध पाजताना तासन्‌तास पुढे वाकून बसणे ही कारणे बहुधा अधिक जवळची असतात.

व्रणाला त्यांनी चार महिन्यांत एकदाही हात लावलेला नव्हता; अंघोळीतही त्या वरून फक्त पाणी सोडत. सुरुवात मऊ कापडाने आणि व्रणापासून दूर झाली, मग व्रणाच्या कडेला, मग बोटाने प्रत्यक्ष व्रणावर, आणि शेवटी त्यावरची त्वचा हलकेच वर-खाली, आडवी सरकवण्यापर्यंत. जखम पूर्ण बंद झाल्यावर आणि डॉक्टरांनी पाहिल्यावरच हे करायचे असते. व्रणाच्या वरचा भाग बधिर लागत होता. त्वचेच्या बारीक नसा चिरल्या गेल्याने असे होते, संवेदना काही महिन्यांत परतते आणि काहींच्या बाबतीत थोडा भाग तसाच राहतो, हे आधीच स्पष्ट सांगितल्यामुळे ती बधिरता नव्या काळजीचे कारण झाली नाही.

माझे काम या सगळ्याला समांतर चालू होते. भीती वाटणाऱ्या हालचालींची आम्ही चढती यादी केली: खुर्चीतून हात न टेकता उठणे, जमिनीवर पडलेला कपडा उचलणे, बाळाला पाळण्यातून घेणे, आणि सर्वांत वर पोटाला हात न लावता शिंकणे. प्रत्येक हालचालीआधी "आता काय होईल असे वाटते" आणि नंतर "प्रत्यक्षात काय झाले" हे वहीत लिहायचे, एवढाच नियम होता. पहिल्या पानावर "काहीतरी फाटेल" आणि त्यासमोर "थोडे ओढल्यासारखे झाले, लगेच थांबले" अशी नोंद आहे. "घाबरू नका, काही होणार नाही" हे वाक्य त्यांनी सर्वांकडून ऐकलेले होते आणि त्याचा उपयोग शून्य होता. स्वतःच्या अक्षरातल्या नोंदींवर मात्र त्यांचा विश्वास बसला.

घरच्यांना एकदा बोलावणे आवश्यक होते. सासूबाई म्हणाल्या, "अहो मॅडम, माझ्या देखत हिला काही झाले तर? म्हणून मी हिला वाकूच देत नाही." त्यांच्या मायेत काहीच खोट नव्हती, परंतु सून उठायला लागली की दोघांनी धावायचे, या रोजच्या क्रमातून तिला एकच संदेश मिळत होता की उठणे धोक्याचे आहे. ठरले असे की बाळाचे कपडे, रात्रीचे जागरण आणि जड उचलणे घरच्यांनी वाटून घ्यावे, आणि बाळाला पाळण्यातून उचलणे मात्र आईकडेच राहावे. पती एका सत्राला फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेले आणि पत्नीला बाळ उचलताना पाहून आले. माझ्या समजावण्यापेक्षा ते पाहणेच अधिक कामी आले असावे.

प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी वापरली जाणारी, मागील 7 दिवसांविषयीची 10 प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली मी अशा प्रत्येक आईकडून भरून घेते. यांचे गुण काळजीचे नव्हते. ज्यांचे रडू, निरुत्साह किंवा बाळाविषयीची अलिप्तता दोन आठवड्यांहून अधिक टिकते, त्यांनी व्यायामाच्या आधी त्याकडे लक्ष द्यावे. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ताप, व्रणातून पू किंवा दुर्गंध, पोटरीला सूज व दुखणे, धाप, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, ही लक्षणेही समुपदेशनाची वाट पाहण्याची नव्हेत.

सुमारे तीन महिन्यांनी आमच्या भेटी थांबल्या. तोवर आधारासाठी पोटाला बांधायचा पट्टा सुटला होता, कंबर बरीच कमी दुखत होती, आणि यादीतली शिंक सोडून सर्व पायऱ्या पार झाल्या होत्या; शिंकताना हात अजूनही पोटाकडे जातो, असे त्या हसून म्हणाल्या. स्नायूंमधली फट दीड बोटावर आली होती. बधिर भाग लहान झाला होता, गेला नव्हता. फिजिओथेरपी पुढेही चालू राहिली, कारण त्यांना पुन्हा धावायला सुरुवात करायची होती आणि त्यासाठी लागणारी ताकद अजून यायची होती.